दत्तक घेतलेली बुजरी कुत्री जिन्यात वारंवार थिजते : कारणांचा शोध आणि उपाय

समस्येचे स्वरूप असे असते. निवारा केंद्रातून घरी आणलेले प्रौढ आणि बुजरे कुत्रे काही दिवसांत घरच्या माणसांना सरावते, हातातून खाऊ लागते, एखाद्या सकाळी पट्टा लावून जिना उतरते, खाली चक्कर मारून परतही येते. आणि आता जमले असे आपण म्हणतो न म्हणतो तोच एके दिवशी दाराशी किंवा जिन्याच्या वळणावर चारही पाय रोवून उभे राहते. ओढले तर अंग चोरते, उचलायला गेले तर जागीच लघवी करते. दोन-तीन दिवसांनी ते आपोआप सुधारते आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा तेच घडते. एखाद्या वेळी असे झाले तर सोडून द्यावे. ते पुन्हा पुन्हा होत असेल तर मात्र कारण शोधावे लागते, आणि आमच्या अनुभवानुसार ते कारण बहुधा त्या जिन्यात नसते.

आमची ठमी अंदाजे चार वर्षांची, गावठी जातीची, फिकट तांबूस रंगाची आणि काळ्या तोंडाची आहे. निर्बीजीकरणाची खूण म्हणून तिच्या एका कानाचे टोक छाटलेले आहे. जून महिन्यात ती कोथरूडमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आली. पहिले नऊ दिवस तिने दिवाणाखाली काढले. रात्री सगळे निजल्यावर बाहेर येऊन ती पाणी पीत असे, हे आम्हाला सकाळी भांड्यातल्या पातळीवरून कळे. त्यानंतरच्या दोन महिन्यांत तिची सुधारणा आणि घसरण असे पाच वेळा झाले. इमारतीच्या पहारेकरी काकांनी ‘दोन फटके द्या, सुतासारखी सरळ होईल’ असा सल्ला दिला. तो त्यांनी वाईट बुद्धीने दिला नव्हता, परंतु तो हट्टावरचा उपाय होता आणि इथे हट्ट नव्हताच.

आधी शरीर तपासावे

वागणुकीचा विचार करण्यापूर्वी दुखणे वगळणे आवश्यक आहे, कारण कुत्रे वेदना लपवते आणि ती आपल्याला भीतीसारखी दिसते. जिना उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो. त्यामुळे जे कुत्रे चढते पण उतरायला तयार होत नाही, त्याचे खांदे, कोपर आणि पंजे पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत. नखे वाढलेली असतील तर गुळगुळीत फरशीवर पकड मिळत नाही, आणि एकदा घसरून पडलेले कुत्रे त्या पायरीला विसरत नाही. निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्यांमध्ये गोचीड तापही वारंवार आढळतो. मलूलपणा, खाण्यावरची इच्छा उडणे, हिरड्या फिकट पडणे ही त्याची लक्षणे असतात आणि रक्ततपासणीत बहुधा प्लेटलेटची संख्या घटलेली दिसते. ठमीला हा ताप होताच. औषधाचा पूर्ण क्रम संपल्यावर तिचा मलूलपणा गेला, परंतु थिजणे गेले नाही. म्हणजे कारण आणखी कुठे तरी होते.

याच काळात घरातल्या घरात मलमूत्राची तात्पुरती सोय करून ठेवावी. आम्ही गॅलरीत वर्तमानपत्रांचा जाड थर आणि त्यावर ट्रेमध्ये लावलेली हिरवळ ठेवली. ‘घरात सवय लागली तर पुढे जाणार नाही’ ही शंका आम्हालाही होती, पण घाबरलेले कुत्रे लघवी दाबून धरते आणि चोवीस तास होत आले तरी लघवी न झाल्यास तो पशुवैद्याकडे नेण्याचा विषय बनतो. सोय असली म्हणजे रोजच्या रोज जिना उतरण्याची सक्ती उरत नाही, आणि पुढचे सर्व उपाय ही सक्ती नाहीशी होण्यावरच अवलंबून आहेत. जागा पुसायला काळे फिनेल मात्र वापरू नये. ते कुत्र्यांना घातक असते.

थिजणे म्हणजे नकार नव्हे

घाबरलेल्या प्राण्यासमोर पळणे, अंगावर जाणे किंवा थिजणे असे मार्ग असतात. पट्टा लावलेला असला की पळणे शक्य नसते आणि बुजरे कुत्रे सहसा अंगावर जात नाही. उरते ते थिजणे. त्याच्या आधीच्या खुणा बारीक असतात आणि त्या आपण पाहत नाही म्हणून थिजणे अचानक घडल्यासारखे वाटते. झोप नसताना जांभई येणे, समोर खाणे नसताना ओठांवरून जीभ फिरणे, मान न वळवता नजर बाजूला गेल्याने डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणे, उकाडा नसताना धाप लागणे, एकाएकी केस गळू लागणे, शेपूट पोटाखाली जाणे, असा साधारण क्रम असतो. ठमीच्या बाबतीत सर्वांत आधीची खूण उजव्या पुढच्या पंजाची होती. उंबऱ्याशी येताच ती तो पंजा दोन बोटे वर उचलून धरी आणि पुन्हा टेकवीत नसे. हे लक्षात यायला आम्हाला सहा आठवडे लागले, कारण तोवर आमची नजर तिच्या तोंडाकडे असायची.

प्रौढ कुत्र्याचा बुजरेपणा वर्षभरात पूर्ण नाहीसा होईल, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरते. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातून असे पुढे आले की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाची ओळख होण्याचा असतो. त्या काळात जी माणसे, आवाज आणि जागा पिल्लाच्या वाट्याला येतात त्या त्याला नैसर्गिक वाटतात, आणि ज्या येत नाहीत त्यांच्याकडे ते पुढे संशयाने पाहते. लिफ्टचे खडखडणारे जाळीचे दार, कुकरची शिट्टी, बंद जिन्यातला पावलांचा प्रतिध्वनी हे ठमीच्या त्या आठवड्यांत नसावे. ती कसर आता भरून निघणार नाही, पण त्या गोष्टींना नवा अर्थ देता येतो. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

वही ठेवल्याशिवाय कारण सापडत नाही

समस्या वारंवार येत असेल तर तिची नोंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय आहे. आम्ही दुधाच्या हिशेबाची वही यासाठी वापरली. रोज चारच गोष्टी लिहायच्या होत्या : किती पायऱ्या उतरली, आवडते खाणे घेतले की नाही, घरात आणि आसपास कोणते वेगळे आवाज झाले, आणि घरी कोण आले-गेले. जुलै महिन्यातले एक पान असे आहे : ‘बुध. – दोन मजले उतरली, चिकन घेतले. गुरु. – १० ते २ वीज नाही. जिन्यावर नेले नाही. शुक्र. – दाराशी पंजा वर. चिकन तोंडात घेऊन टाकून दिले. शनि. – दिवाणाखाली. रवि. – संध्याकाळी एक मजला.’

एकट्या पानावरून काहीच कळत नाही, पण पाच घसरणींची पाने शेजारी शेजारी ठेवल्यावर चार वेळा आदल्या दिवशी गुरुवार असल्याचे दिसले. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर ती सहसा गुरुवारी ठेवतात, आणि वीज गेली की इमारतीच्या वाहनतळातला जनित्रसंच सुरू होतो. तिसऱ्या मजल्यावर आम्हाला त्याचा आवाज नाममात्र ऐकू येतो. ठमीला मात्र तो कानांनीच नव्हे तर फरशीतल्या थरथरीने आणि जिन्यातून वर चढणाऱ्या डिझेलच्या वासानेही कळत असणार. गुरुवारी ती चार तास काही न करता कोपऱ्यात बसून राही आणि ‘आज किती शांत आहे’ असे आम्ही म्हणत असू. ती शांत नव्हती, आधीच थिजलेली होती. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी दाराशी दिसत होते इतकेच.

भीती साचत जाते, हा या नोंदींचा अर्थ आहे. एकट्या जनित्राला ती कदाचित निभावून नेईल आणि एकट्या जिन्यालाही. पण आदल्या दिवशी जनित्र, सकाळी गॅसवाल्याने वाजवलेली घंटा आणि वळणावर शेजाऱ्यांच्या मुलाची सायकल असे तीन प्रसंग एकावर एक आले की चौथ्या, अगदी क्षुल्लक गोष्टीला पाय रोवले जातात. आपण मग त्या चौथ्या गोष्टीवर उपाय करीत बसतो.

पाचवी घसरण गुरुवारशी जुळत नव्हती, आणि तीच आम्हाला अधिक शिकवून गेली. त्या आठवड्यात वीज एकदाही गेली नव्हती. वहीत घसरणीच्या आदल्या दिवशी लिहिले होते : ‘आज फार छान! तळमजला, फाटक, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.’ ती दोन मजल्यांवर रमलेली पाहून आम्हीच हुरूप येऊन तिला एका दिवसात फाटकाबाहेर नेले होते, आणि ती आमच्यामागून आली, कारण पट्ट्याला बांधलेल्या बुजऱ्या कुत्र्याला दुसरे काही करता येत नाही. पुढे जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा गुरुवारच्या चारपैकी दोन घसरणींच्या आधीच्या मंगळवार-बुधवारीही अशीच उद्गारचिन्हे सापडली. चांगल्या दिवशी आपण जास्त मागतो आणि त्याची वसुली पुढच्या दोन-तीन दिवसांत होते. म्हणून आमच्या घरात आता नियम असा आहे की दिवस चांगला गेला तर फेरी ठरल्यापेक्षा लवकर संपवायची. हा नियम पाळणे फार कठीण जाते, हेही मान्य केले पाहिजे.

जिना तुकड्यांत शिकवावा

घसरण झाल्यानंतर दोन पूर्ण दिवस जिन्याचे नावही काढू नये. गॅलरीची सोय, ठरलेल्या वेळी खाणे आणि कमीत कमी पाहुणे एवढेच ठेवावे. तिसऱ्या दिवशी सुरुवात दार उघडण्यापासून होते, बाहेर पडण्यापासून नव्हे.

खाणे असे निवडावे की जे इतर वेळी कधीच मिळत नाही. ठमीसाठी ते मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे आहेत. शाकाहारी घरात पनीर चालते. कांदा-लसूण घातलेले उरलेले मटण देऊ नये, ते दोन्ही कुत्र्यांना अपायकारक आहेत. खाण्याचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी भीतीची गोष्ट घडली पाहिजे आणि मग लगेच खाणे आले पाहिजे. दाराची कडी वाजली, तुकडा आला. जिन्यातून पावले ऐकू आली, तुकडा आला. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांच्या तोंडाला घंटेने पाणी सुटत असे ते याच क्रमामुळे. क्रम उलटला, म्हणजे आधी तुकडा दाखवून तिला दाराकडे बोलावले, तर काही दिवसांत तुकडा दिसताच ती संशयाने मागे सरू लागते. आमच्याकडून ही चूक पहिल्या महिन्यात झाली आणि त्यापायी चिकन हे दोन आठवडे ‘संकटाचे लक्षण’ होऊन बसले होते.

दुसरी युक्ती तुकडा कुठे टाकायचा याची आहे. तो तिच्या पुढे, जिन्याच्या दिशेने टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी ती उंबऱ्याकडे स्वतःहून एक पाऊल आली की तुकडा तिच्या मागे, घराच्या आत टाकावा. तिला खाणेही मिळते आणि भीतीपासून अंतरही मिळते. मग ती वळून पुन्हा पुढे येते आणि या वेळी बहुधा एक पाऊल अधिक येते. तीन ते पाच मिनिटांत हे थांबवावे. एका टप्प्यावर पट्टा सैल असताना सलग पाच वेळा ती सहज आली तरच पुढचा टप्पा घ्यावा, आणि आवडता तुकडा तिने हुंगून सोडला तर आपण फार पुढे आलो आहोत असे समजून दोन टप्पे मागे जावे.

आमचे टप्पे असे झाले : बंद दारापाशी बसणे, उघड्या दारापाशी बसणे, उंबऱ्याबाहेरची पायपुसणी, पहिल्या चार पायऱ्या, वळण. चार पायऱ्यांना नऊ दिवस लागले आणि वळणापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच दिवस; हिशेब इथे सरळ रेषेत चालत नाही. शहाबादी पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या असल्याने आम्ही पहिल्या चार पायऱ्यांवर रबरी पट्ट्या चिकटवल्या, आणि त्याबद्दल सोसायटीच्या सचिवांना आधी विचारले. सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांना लिफ्ट सरसकट बंद करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण आपल्याला त्या सूचना दाखवाव्या लागणार नाहीत अशा बेताने राहिलेले बरे. शिवाय बुजऱ्या कुत्र्याला तीन फूट लांबी-रुंदीची हलती पेटी जिन्यापेक्षा अवघड वाटते.

या सगळ्यात एक गोष्ट सासूबाईंकडून शिकायला मिळाली. त्या कुत्र्याला शिकवायला कधी बसल्याच नाहीत. रोज सकाळी उघड्या दारापाशी ठमीकडे पाठ करून, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या मेथी निवडत बसत. काड्या मोडण्याचा बारीक, एकसारखा आवाज येत राही. पाचव्या-सहाव्या दिवशी ठमी दिवाणाखालून निघाली, वाकून त्यांच्या पदराचा वास घेतला आणि हातभर अंतरावर, उघड्या दाराकडे तोंड करून बसली. सासूबाईंनी मान वळवली नाही. ‘बस ठमे, तुझीच वाट बघत होते’ एवढेच त्या मेथीला सांगावे तसे म्हणाल्या. समोरून, डोळ्यांत डोळे घालून, हात पुढे करून येणाऱ्या माणसापेक्षा पाठ करून आपल्या कामात असलेले माणूस बुजऱ्या जनावराला सोसते, हे गाईगुरांच्या घरात वाढलेल्या बाईला सांगावे लागले नाही.

पट्टा आणि निसटण्याचा धोका

थिजलेले कुत्रे ओढले की मागे रेटा देते, मान खाली घालते आणि साधा गळपट्टा कानांवरून निघून येतो. बुजरे कुत्रे हरवते ते बहुधा असे. छातीच्या पट्ट्याचा, म्हणजे हार्नेसचा, असा प्रकार घ्यावा ज्यात फासळ्यांच्या मागे, कमरेच्या निमुळत्या भागावर तिसरा पट्टा येतो. त्यातून मागे सरकून निसटता येत नाही. त्याच्या जोडीला गळपट्ट्यालाही वेगळी दोरी असावी, आणि गळपट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेली चकती असावी. दोरी हातात आणि मधोमध झोळीसारखी सैल राहिली पाहिजे. आपला हात ताणला गेला की कुत्र्याला तो ताण आपल्या आधी कळतो.

निसटलीच तर मागे धावू नये. घरचे माणूस तिथेच पाठमोरे खाली बसावे, बाकीच्यांना थांबवावे, आणि तिच्या जेवणाचा ओळखीचा आवाज करावा. ठमी एकदा वाहनतळात निसटून स्कूटरच्या रांगेत शिरली होती. स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवल्यावर ती वीस मिनिटांनी स्वतःच बाहेर आली.

जिन्याच्या मधोमध थिजली तर

तिच्या बाजूला, तिचे तोंड जिकडे आहे तिकडेच आपलेही तोंड करून, एक पायरी खाली बसावे. बोलणे कमी करावे. वरून-खालून येणाऱ्यांना हाताने थोडे थांबण्याची विनंती करावी, लोक थांबतात. परतीची वाट मोकळी असेल तर ती घरी वळेल आणि तसे वळू द्यावे. हरल्यासारखे वाटून घेऊ नये. तिला धीर देऊन भीती ‘लाडावते’ ही समजूत खरी नाही. भीती ही खोडी नसल्यामुळे प्रेमळ हाताने ती वाढत नाही, मात्र तो हात तिला हवा असला पाहिजे. उचलायचे झाले तर शेवटचा मार्ग म्हणून उचलावे, कारण कोंडीत सापडलेले सर्वांत गरीब कुत्रेही चावू शकते. चावा बसलाच तर कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

इतके करूनही घसरण थांबत नसेल तर

आठ-दहा आठवडे वही ठेवून आणि टप्पे पाळूनही कुत्रे घरातसुद्धा खात नसेल, झोपेत दचकत असेल किंवा दिवसचे दिवस लपून राहत असेल, तर पशुवैद्याशी औषधाबद्दल स्पष्ट बोलावे. फ्लुऑक्सेटिनसारखी रोजची औषधे यासाठी दिली जातात आणि त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. दिवाळीच्या फटाक्यांसाठी किंवा गणपतीच्या आधी नदीपात्रात चालणाऱ्या ढोल-ताशांच्या सरावासाठी प्रसंगापुरती वेगळी औषधे असतात. ‘गुंगीचे काही तरी द्या’ अशी मागणी मात्र करू नये. ॲसेप्रोमॅझिनसारखे औषध एकटेच दिले तर शरीर सुस्तावते पण भीती कमी होत नाही. कुत्रे घाबरलेलेच राहते, फक्त हलू शकत नाही. ठमीला ऑगस्टपासून रोजचे औषध सुरू आहे आणि ते आधी सुरू केले असते तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे.

जनित्राचा आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी बारीक आवाजात ऐकवण्याचा प्रयोगही आम्ही केला. ठमीने त्याकडे कान टवकारून पाहिले आणि झोपून गेली. थरथर आणि डिझेलचा वास मोबाइलमधून येत नाही. त्यामुळे तो नाद सोडून आम्ही गुरुवारच वगळला. वीज जाण्याचा निरोप आला की आतल्या खोलीत जाड सतरंजी दुहेरी अंथरतो, खिडकी लावून इन्व्हर्टरवरचा पंखा मोठा करतो, आणि गुरुवार-शुक्रवार जिना बंद ठेवतो. शनिवारी उंबऱ्यापासून सुरुवात होते. सप्टेंबरपासून घसरण दोनदा झाली. दोन्ही वेळा ती एका दिवसात भरून निघाली, आणि दुसऱ्या वेळी वहीत आदल्या दिवशी पुन्हा उद्गारचिन्ह होते.